नोकरी गेली तर व्हिसाचं काय? बडोद्याहून परदेश निवडताना

बडोद्यात परदेशी जाण्याच्या गप्पा कधीच थांबत नाहीत. पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचा सूर बदललाय. पूर्वी कॅनडा की ऑस्ट्रेलिया एवढाच प्रश्न असायचा आणि कंपनीने अमेरिकेला पाठवलं तर दुधात साखर. आता दांडिया बाजारात काय, कारेलीबागेत काय, मकरपुऱ्यातले इंजिनियर, खासगी हॉस्पिटलातल्या नर्स, औषधांच्या लॅबमधले केमिस्ट सगळे विचारतात, "मग आता जायचं कुठे?"

विचारण्यासारखंच आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली. कॅनडाने २०२४ साली ४,८५,००० लोकांना पी.आर. (कायम राहण्याचा हक्क) देण्याचं लक्ष्य ठेवलं होतं, ते २०२५साठी ३,९५,०००वर आणि २०२६साठी ३,८०,०००वर आणलं. ब्रिटनने कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार एप्रिल २०२४मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० केला आणि जुलै २०२५मध्ये ४१,७००. सगळ्यांनी एकदमच दारं आवळली, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येक दार वेगळ्या किल्लीने उघडतं, आणि आपल्याकडे कोणती किल्ली आहे हे न बघता लोक देशाच्या नावावरून ठरवतात, ही माझी खरी काळजी आहे.

हक्क कुणाच्या हातात?

पगार, हवामान, आपली माणसं किती, हे सगळं नंतर बघा. आधी हे विचारा: तिथली नोकरी सुटली तर माझं राहणं कुणाच्या हातात असेल?

कुशल माणसाला घेण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत देश तुमचं वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव मोजतो, गुण देतो आणि गुण पुरले की थेट कायम राहण्याचा हक्क देतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा मुख्य रस्ता हा. दुसऱ्या पद्धतीत आधी नोकरी मिळवायची, मग त्या नोकरीवर व्हिसा, आणि काही वर्षांनी कायमचा हक्क. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड या गटातले.

फरक कळतो तो वाईट दिवस आल्यावर. एच-१बीवाल्याची नोकरी गेली की त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर घर, गाडी, मुलांची शाळा सगळं आवरून निघायचं. ब्रिटनमध्येही मालकाने कळवलं की साधारण तेवढाच अवधी मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या मालक-आधारित व्हिसावर जुलै २०२४पासून सलग १८० दिवस मिळतात. युरोपच्या ब्लू कार्डावर (पदवीधरांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना) पहिल्या दोन वर्षांत एकूण तीन महिने आणि त्यानंतर सहा महिने बेकार राहिलात तरी तेवढ्या कारणाने कार्ड काढून घेता येत नाही. कॅनडाच्या पी.आर.वाल्याला मात्र नोकरीशी देणंघेणंच नाही. पाच वर्षांत ७३० दिवस देशात राहिलं की झालं.

अमेरिकेत तर ही टांगती तलवार वर्षानुवर्षं डोक्यावर राहते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली सुमारे सात टक्के. त्यामुळे २०२५च्या शेवटीही भारतीयांच्या ईबी-२ आणि ईबी-३ या रांगांमध्ये २०१३ सालातल्या अर्जांवरच काम चालू होतं. तिथे पगार फार चांगला आहे, हे खरंच. पण आज पस्तिशीत असलेल्या माणसाने ही रांग वयाशी ताडून बघावी.

गुणांचं गणित, एका घराच्या आकड्यांत

आता एक काल्पनिक जोडपं घेऊ. असं जोडपं बडोद्यात कुठल्याही सोसायटीत सापडेल. नवरा ३४ वर्षांचा, कलाभवनातून इलेक्ट्रिकल केलेला, दहा वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात. बायको ३१ वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग, सहा वर्षं आय.सी.यू.मध्ये.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पी.आर. देण्याच्या पद्धतीत, नवरा मुख्य अर्जदार धरला तर वयाचे ७५ गुण, पदवीचे ११२. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं तिन्हींत ७ बँड आले तर भाषेचे ११६. कॅनडाबाहेरचा, म्हणजे इथला, अनुभव आणि चांगली भाषा एकत्र आली म्हणून ५०, पदवी आणि भाषा एकत्र म्हणून २५. बायकोच्या शिक्षणाचे आणि मध्यम इंग्रजीचे मिळून २०. बेरीज ३९८.

याच हिशेबात ऐकण्यात ८ऐवजी ७.५ आले असं धरा. अर्धा बँड. पण कॅनडाच्या भाषापातळीत तो नऊवरून आठवर उतरतो. भाषेचे सात गुण जातात, अनुभवाचे ५०चे २५ होतात, पदवीचे २५चे १३. अर्ध्या बँडने ४४ गुण गेले! वयाचा गुण या टप्प्यावर वर्षाला पाचाने घटतो, म्हणजे तो अर्धा बँड जवळजवळ नऊ वर्षांच्या वयाइतका महाग पडला. लोक कन्सल्टंटला लाखभर रुपये देतात आणि परीक्षेच्या तयारीला पंधरा दिवस. हे उलटं असायला हवं.

३९८मध्ये काम होतं का? सरळ सांगायचं तर नाही. कॅनडा वेळोवेळी फेऱ्या काढून वरच्या गुणांच्या लोकांना बोलावतो. २०२५मध्ये कॅनडात आधीच काम करत असलेल्यांच्या फेऱ्यांचा कट-ऑफही ५००च्या वर राहिला. नोकरीची ऑफर असली की ५० किंवा २०० गुण मिळायचे, तेही २५ मार्च २०२५पासून बंद झाले. बायको मुख्य अर्जदार धरली, तिला नवऱ्याइतकेच बँड आले आणि नवऱ्याचं इंग्रजी मध्यम धरलं, तर बेरीज ४१३ होते. आरोग्यसेवकांसाठी वेगळ्या फेऱ्या असतात, पण २०२५च्या उत्तरार्धात त्याही ४६०-४७०च्या आसपास थांबत होत्या. मग उरतात दोन वाटा. एखाद्या प्रांताने निवडलं तर थेट ६०० गुण. नाहीतर फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांच्या फेऱ्यांचा कट-ऑफ २०२५मध्ये ३७९पर्यंत खाली आला होता. फ्रेंच त्या पातळीला न्यायला वर्ष-दीड वर्षाची नेटाची मेहनत लागते, पण मार्ग खरा आहे. "इंग्रजीवर होऊन जाईल" असं आज कुणी या जोडप्याला सांगत असेल, तर त्याला बेरीज करून दाखवायला सांगा.

आता तेच जोडपं ऑस्ट्रेलियाच्या तराजूत. तिथे वयाचे सर्वाधिक ३० गुण २५ ते ३२ वर्षांना मिळतात, ३३ ते ३९ला २५, पुढे ४४पर्यंत १५, आणि ४५ झालं की दार बंद. पदवीचे १५. आठ वर्षांहून जास्त अनुभवाचे १५, पाच ते आठ वर्षांचे १०. इंग्रजीत चारही भागांत ७ असतील तर १०, चारही ८ असतील तर २०. जोडीदाराचंही कौशल्य तपासून झालेलं असेल तर १०, त्याचं नुसतं इंग्रजी पुरेसं असेल तर ५.

नवरा मुख्य अर्जदार, चारही ७, बायकोचं फक्त इंग्रजी: २५ + १५ + १५ + १० + ५, म्हणजे ७०. अर्ज करण्याची किमान पातळी ६५ आहे, पण ६५ आले म्हणजे बोलावणं आलं असं नाही. इथे इंजिनियरांची स्पर्धा मोठी. बायको मुख्य अर्जदार झाली तर: ३० + १५ + १० + १० आणि नवऱ्याचं कौशल्य तपासून घेतलं की आणखी १०, म्हणजे ७५. शिवाय आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांतल्यांना तिथे इंजिनियर किंवा आयटीवाल्यांपेक्षा कमी गुणांवर बोलावलं जातं.

आपल्याकडे फाइल सहसा नवऱ्याच्या नावानेच उघडते. बायकोचा व्यवसाय जास्त मागणीचा आहे, तिचं वय कमी आहे, तरी कुणी विचारत नाही. हे नुकसान दोघांचं होतं. दोन्ही बाजूंनी बेरीज केल्याशिवाय एक रुपयाही कुणाला देऊ नका.

तिला मेहनत मात्र जास्त आहे. भारतात शिकलेल्या नर्सला ऑस्ट्रेलियात नोंदणीसाठी आधी एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा आणि मग ॲडलेडला जाऊन प्रत्यक्ष कामाची परीक्षा द्यावी लागते. नवऱ्याचं काम बडोद्यात बसून होतं. एंजिनियर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था त्याच्याकडून स्वतः केलेल्या कामाची तीन सविस्तर वर्णनं मागते. "प्रॉडक्शनचं बघत होतो" इथे चालत नाही. शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये वाइंडिंग सरकलं, मग तुम्ही क्लॅम्पिंगची रचना कशी बदलली, कोणतं गणित केलं, पुढच्या टेस्टचा निकाल काय आला, असं लिहावं लागतं, आणि "आम्ही"ऐवजी "मी" लिहावं लागतं. अशी वर्णनं विकत मिळतात. ती घेऊ नका. संस्था उचलेगिरी तपासते, आणि सापडलं तर अर्ज नाकारून पुढचे अर्जही काही काळ रोखते.

गुण कमी पडत असतील तर ऑस्ट्रेलियात ४९१ नावाचा व्हिसा आहे. एखाद्या राज्याने नाव सुचवलं की १५ गुण वाढतात, पण पाच वर्षांच्या या व्हिसावर सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं. तीन वर्षांनी कायमच्या हक्कासाठी अर्ज करता येतो. पर्थ आणि ॲडलेडसारखी मोठी शहरंही यात बसतात, त्यामुळे "गावात जाऊन काय करणार" ही भीती अनाठायी आहे. आणि हा व्हिसा प्रदेशाशी बांधलेला असतो, मालकाशी नाही. माझ्या पहिल्या प्रश्नावर तो चांगला उतरतो.

जर्मनी: आधी नोकरी, पण रांग छोटी

जर्मनीकडे बडोद्याच्या लोकांनी जास्त गांभीर्याने बघावं असं मला मनापासून वाटतं. इथे यंत्रं बनवणारी, वीजसामग्री बनवणारी, रसायनं बनवणारी माणसं आहेत आणि तिथले उद्योगही त्याच जातीचे. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे वार्षिक व्हिसा २०,०००वरून ९०,०००पर्यंत नेण्याचं ठरवलं.

पदवीधराचा मुख्य रस्ता ब्लू कार्ड. नोकरीची ऑफर हवी आणि २०२५च्या नियमाने वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागायचा. इंजिनियर, आयटी, डॉक्टर अशा टंचाईच्या व्यवसायांना सुमारे ४३,७६० युरो पुरायचे. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. कायमचा हक्क जर्मन बी१ असेल तर २१ महिन्यांत, नुसतं ए१ असेल तर २७ महिन्यांत (भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). अमेरिकेच्या रांगेशेजारी हे ठेवून बघा. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठेही नोकरी करता येते, आणि व्हिसासाठी तिला किंवा त्याला जर्मन येण्याची अट नाही.

ऑफर नसेल तर जून २०२४पासून चान्सनकार्ट आहे: वर्षभर तिथे राहून नोकरी शोधण्याची परवानगी आणि आठवड्याला २० तास काम. पदवीला तिथे पूर्ण मान्यता असेल तर गुणांची गरज नाही, नसेल तर सहा गुण लागतात. आपल्या इंजिनियरला मागच्या सात वर्षांत पाच वर्षं अनुभवाचे ३, पस्तिशीच्या आत असल्याचे २ आणि टंचाईच्या व्यवसायाचा १ मिळून सहा होतात. कार्ड मिळायला ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी चालतं. अडचण पुढे येते. कारखान्याच्या फ्लोअरवर, सुरक्षेच्या बैठकीत, फोरमनशी बोलताना इंग्रजी पुरत नाही. ए१वर गेलेला माणूस वर्षभर जेवण पोचवण्याची कामं करत बसतो आणि साठवलेले युरो संपतात. बी१ झाल्याशिवाय इंजिनियरने तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नर्सला तर मान्यतेसाठी सहसा बी२च लागतं.

पदवी नसलेल्यांसाठीही एक दार आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या किमान पगाराची ऑफर असेल, तर तिथल्या मान्यतेच्या लांबलचक प्रक्रियेशिवाय जाता येतं. गोरवा किंवा तरसाळीच्या आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला मुलगा शिक्षणाच्या अटीत बसतो. एक वर्षाचा वेल्डर त्यात बसत नाही.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. जुलै २०२५पासून बहुतेक व्यवसायांना पदवीच्या पातळीचं काम लागतं आणि केअर वर्करची परदेशातून भरती बंद झाली. मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत कायमच्या हक्काचा काळ पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आला. त्यात आरोग्य अधिभार: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि सगळ्या वर्षांचे आगाऊ. नवरा-बायको आणि एक मूल, पाच वर्षांचा व्हिसा, १४,२३० पौंड. पंधरा लाख रुपयांच्या वर जातात हे. नर्सचा हेल्थ अँड केअर व्हिसा असेल तर हा अधिभार माफ आहे. म्हणजे इथेही फाइल कुणाच्या नावाने, यावर लाखोंचा फरक पडतो.

आई-बाबांचं काय

हा प्रश्न आपल्या घरांत सगळ्यात शेवटी निघतो आणि सगळ्यात जास्त छळतो. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण आरोग्यविमा स्वतःचा लागतो. ऑस्ट्रेलियात त्यांना कायमचं न्यायचं तर लवकरच्या रस्त्यालाही माणशी सुमारे ४८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आणि अनेक वर्षांची वाट. जर्मनीने १ मार्च २०२४नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांच्या पालकांना येण्याची वाट कायद्यात उघडली आहे, मात्र त्यांच्या विम्याची आणि खर्चाची सोय दाखवावी लागते आणि साठीनंतर तसा विमा मिळवणं जड जातं. ब्रिटनमध्ये हे दार जवळपास बंदच. एकुलतं एक मूल असाल तर ही ओळ पगाराच्या ओळीच्या वर लिहा.

फाइल अडते ती इथे

गुण पुरले तरी पुरावा पुरत नाही, असं बडोद्यात खूप होतं. सगळ्यांत मोठं कारण अनुभवाचा दाखला. जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) लहान कारखान्यांचा दाखला दोन ओळींचा असतो: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला त्यात पदनाम, कामाचे तास, पगार आणि प्रत्यक्ष करत असलेली कामं मुद्द्यांनी लिहिलेली हवी असतात. कार्डावर "सीनियर एक्झिक्युटिव्ह" लिहिलंय याला अर्थ नाही. तुम्ही कोणत्या व्यवसायात मोडता हे केलेल्या कामावरून ठरतं. जोडीला फॉर्म १६, पीएफचं पासबुक आणि पगार जमा झालेल्या खात्याचं स्टेटमेंट लागतं. पगाराचा काही भाग रोखीने मिळत असेल तर कागदावर तेवढा पगार नाहीच, आणि पीएफ कापला नसेल तर ती वर्षं सिद्ध करणं फार अवघड होतं. नोकरी बदलायच्या आधी, साहेबांशी संबंध चांगले असतानाच असा दाखला करून घ्या. कारखाना बंद पडला किंवा मालक बदलला की सही करायला कुणी उरत नाही.

कन्सल्टंटची गरज प्रत्येकाला नसते. एक्स्प्रेस एंट्री आणि ऑस्ट्रेलियाचे अर्ज माणूस स्वतः भरू शकतो. मदत घ्यायचीच असेल तर सल्लागाराचा परवाना क्रमांक मागा: कॅनडासाठी आरसीआयसी, ऑस्ट्रेलियासाठी एमएआरएन. दोन्हींच्या सरकारमान्य याद्या फुकट बघता येतात. अलकापुरीतल्या चकचकीत ऑफिसात बसलेल्या माणसाकडे तो नसेल, तर अर्जावर सही करणारा परवानाधारक कोण, ते लेखी घ्या. नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत हवा, आणि भारतीय नियमाप्रमाणे त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. कुणी जर्मनीच्या नोकरीचे आठ लाख मागत असेल, तर त्याला हा आकडा सांगा आणि पावती मागा.